बुधवारी झरीला

पाठीवरची सॅक उतरवा, फोन बंद करा. 1945 चा मे महिना आहे. तलासरी अजून वेगळा तालुका नाही. उंबरगाव तालुक्यातलं, ठाणे जिल्ह्यातलं एक गाव. 23 मे, बुधवारी झरीला वारल्यांची सभा आहे. डोंगराकडच्या पाड्यांवर फेरी मारत, निरोप देत तुम्हाला बुधवारपर्यंत झरी गाठायची आहे. निरोप तोंडी. चिठ्ठी नेलीत तरी वाचणार कोण?

फेरीची आखणी अंगणातच होते. घरातला आजा काटकीने मातीत रेघ ओढतो: उपलाट, कोचाई, उधवा, मग वळसा घालून झरी. मैल तो सांगत नाही, रात्री कुणाच्या घरी टेकायचं ते सांगतो. सगळ्यात जवळची वाट अंगठ्याने पुसतो. तिथे सावकाराचा वाडा आहे. दिसलात तर वेठीला धरतील. दुसरी वाट जंगलखात्याच्या माणसांची, तीही पुसतो. उरते ओहळाच्या पात्रातली. वैशाखात पात्र कोरडं ठाक, पण उंबर हिरवागार दिसेल तिथे वाळू उकरायची. कोपरभर खोल गेलं की ओल लागते, मग गढूळ पाणी झिरपतं. ते निवळेपर्यंत थांबायचं.

चालायचं रात्री. शुक्ल पक्ष आहे. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळेल, तोवर पहिला पाडा गाठायचा. पुढे रोज थोडा जास्त उजेड मिळेल. काठी, दुधीच्या तुंब्यात पाणी, फडक्यात नाचणीची भाकरी, एवढंच सामान. करवंदं वाटेवर आहेतच. दिशा चुकली तर पहाटे दक्षिणेला महालक्ष्मीचा सुळका शोधायचा.

एक गोष्ट आजा दोनदा बजावतो: दारात आधी माझं नाव सांगा.

तेच होतं. कुडाच्या भिंतीआड कुजबुज थांबते. आजाचं नाव सांगितल्यावरच दार सरकतं, आंबिलीचं भांडं पुढे येतं. या घरातली नवरा-बायको दोघंही सावकाराची लग्नगडी. लग्नापुरतं कर्ज घेतलं, राबूनही ते फिटतच नाही. जानेवारीत काही वारली टिटवाळ्याच्या किसान परिषदेला जाऊन आले, हे त्यांच्या कानावर आहे. विचारतात एवढंच, परुळेकर बाई येणार ना? येणार, तुम्ही सांगता.

बुधवारी झरीला हजारोंनी माणसं जमतात. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर दोघंही आहेत. ठरतं: वेठ बंद, आणि रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल नाही. पुढच्या आठवड्यांत पाड्यापाड्यांवरचे लग्नगडी मोकळे होऊ लागतात. शरदात गवतकापणीच्या मजुरीचा संप डहाणूकडेही पसरतो.

ऑक्टोबरात याच वाटांवरून आणखी एक निरोप धावतो: तलवाड्याला जमा, बाई येणार आहेत. बाई येणार नसतात. जमीनदारांच्या माणसांनीच ही आवई उठवली, असं गोदावरीबाईंचं म्हणणं. जमलेल्यांवर पोलीस गोळ्या झाडतात. पाच जण मरतात. जेठ्या गांगड त्यांतला एक.

वेठीची वाट, जंगलखात्याची वाट, सगळं आजाने पुसलं होतं. नाव सांगितलं की दार उघडतं, हे मात्र वाड्यावरच्यांनाही कळून चुकलं होतं.