देवदूतांचा वाटा

कोन्याक हे आधी एका गावाचे नाव आहे, मग एका मद्याचे. फ्रान्सच्या पश्चिमेस शारांत नदीच्या काठी हे गाव वसले आहे. १४९४ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा येथेच जन्मला. परंतु जगाने गाव लक्षात ठेवले ते तेथील ब्रँडीमुळे. या ब्रँडीचा इतिहास चाळताना आम्हाला असे जाणवले, की तो केवळ चैनीचा इतिहास नाही. धर्मापायी देशोधडीला लागलेल्या माणसांचा आणि स्वतःच्या हयातीत श्रमाचे फळ न पाहणाऱ्या कारागिरांचाही तो इतिहास आहे. हे पेय प्यावे कसे, याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

जाळलेली वाइन

मध्ययुगात शारांतच्या काठाची खरी दौलत होती मीठ. ते नेण्यासाठी उत्तरेकडील गलबते येत आणि परतताना येथील वाइनही भरून नेत. पण ही वाइन हलकी असे व लांबच्या सागरी प्रवासात टिकत नसे. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी तिचा अर्क काढण्याचा मार्ग धरला. त्या अर्काला ते 'ब्रांडवाइन', म्हणजे जाळलेली वाइन, म्हणत. 'ब्रँडी' हा शब्द त्यातूनच आला. पुढे शारांतच्या खोऱ्यातच तांब्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि अर्क दोनदा काढण्याची रीत रूढ झाली.

या दुसऱ्या उकळीविषयी तिकडे एक दंतकथा सांगतात. सेगोंझाकच्या एका सरदाराला स्वप्न पडले. सैतान त्याला उकळून त्याचा आत्मा काढू पाहत होता. परंतु सरदाराची श्रद्धा एवढी दृढ, की पहिल्या उकळीत आत्मा काही निघेना. तेव्हा सैतानाने दुसऱ्या उकळीची धमकी दिली. जागा होताच सरदाराने ती युक्ती वाइनवर करून पाहिली! कथा अर्थातच कल्पित. खरे एवढेच, की पहिल्या उकळीत अर्काचे मद्यप्रमाण सुमारे ३० टक्के असते आणि दुसऱ्या उकळीत ते ७० टक्क्यांच्या आसपास जाते. एक लिटर अर्कासाठी सुमारे नऊ लिटर वाइन खर्ची पडते.

निर्वासितांचा व्यापार

१५९८ च्या नांतच्या आज्ञापत्राने फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांना, म्हणजे ह्युगनॉट लोकांना, उपासनेची मर्यादित मोकळीक दिली होती. १६८५ साली चौदाव्या लुईने ती काढून घेतली. लुई कॅथलिक होता आणि आपण धर्मकार्यच करीत आहोत अशी त्याची समजूत होती. ही गोष्ट आम्हा कॅथलिकांना डोळ्यांआड करता येणार नाही. या परिसरातील अनेक ह्युगनॉट कुटुंबे हॉलंड व इंग्लंडकडे पळाली. मात्र मागे राहिलेल्यांशी त्यांची नातीगोती तुटली नाहीत, आणि त्याच धाग्यांच्या आधारे कोन्याकची पिंपे परदेशच्या बाजारपेठांत पोहोचत राहिली.

अन्याय उलट बाजूनेही घडत होता. आयर्लंडमध्ये प्रॉटेस्टंट सत्तेच्या कायद्यांनी कॅथलिकांना जमीन, शिक्षण व अधिकारपदे यांपासून वंचित केले होते. कॉर्क परगण्यातील रिचर्ड हेनेसी हा कॅथलिक तरुण फ्रेंच राजाच्या आयरिश पलटणीत भरती झाला आणि १७६५ साली त्याने कोन्याकमध्ये आपली पेढी घातली. त्याआधी, १७१५ साली, प्रॉटेस्टंट जर्सी बेटावरून आलेल्या झां मार्टेलने तेथे व्यापार सुरू केला होता. १७९५ साली हेनेसीचा मुलगा जेम्स आणि मार्टेल घराण्यातील मार्था यांचा विवाह झाला. त्यात व्यापाराचा हिशेब नव्हता असे कोण म्हणेल? तरीही ज्या भेदापायी देशांनी आपलीच माणसे हाकलली, तो भेद या गावात एका घराच्या उंबरठ्याशी थांबला, हे लहान नव्हे.

कीड आणि धीर

१८७० नंतरच्या दशकात फिलॉक्सेरा नावाची सूक्ष्म कीड द्राक्षवेलींच्या मुळांना लागली. सुमारे २,८०,००० हेक्टरांवरील मळे १८९३ पर्यंत जेमतेम ४०,००० हेक्टरांवर आले. तारण मिळाले ते अमेरिकेतून. टेक्सासच्या चुनखडीच्या जमिनीत वाढणाऱ्या रानवेलींची मुळे या किडीला दाद देत नव्हती. थॉमस मन्सन या द्राक्षतज्ज्ञाच्या साहाय्याने त्यांचे खुंट फ्रान्सला गेले व त्यांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधली गेली. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार ज्या 'डॉगरिज' खुंटावर कलमे बांधतात, तोही मूळचा टेक्सासचाच.

१९०९ साली कोन्याकच्या प्रदेशाच्या सीमा कायद्याने आखल्या गेल्या. त्याबाहेर बनलेल्या ब्रँडीला हे नाव लावता येत नाही. आपल्याकडे ब्रँडी म्हणून विकले जाणारे पुष्कळसे मद्य उसाच्या मळीचे असते. कोन्याक मात्र निव्वळ द्राक्षांची.

नवा अर्क पाण्यासारखा नितळ असतो. ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरल्यावर त्याला सोनेरी रंग व गंध येतो. दरवर्षी सुमारे दोन टक्के अर्क हवेत उडून जातो. त्याला तेथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात, आणि या वाफेवर पोसलेल्या बुरशीने गावातील कोठारांच्या भिंती काळ्या पडतात. सर्वांत जुना अर्क काचेच्या बुधल्यांत भरून ज्या कोठारात ठेवतात, त्याचे नाव 'पाराडी', म्हणजे स्वर्ग! बाटलीवरील खुणाही काळाच्याच आहेत: व्ही. एस. म्हणजे मिश्रणातील सर्वांत कोवळा अर्क किमान दोन वर्षांचा, व्ही. एस. ओ. पी. म्हणजे चार वर्षांचा आणि एक्स. ओ. म्हणजे, २०१८ पासून, दहा वर्षांचा. उत्तम मिश्रणात आजोबांच्या काळचा अर्कही असतो. आणि मिश्रणकार आज जे पिंप भरून ठेवतो, ते उघडेल कदाचित त्याचा नातू.

आस्वाद

म्हणूनच जुनी कोन्याक नुसतीच प्यावी. ट्यूलिपच्या फुलासारखा, तोंडाशी निमुळता पेला घ्यावा. त्यात २५-३० मिलिलिटर पुरे. पेला ज्योतीवर तापवू नये, कारण त्याने मद्याचा झणकाच तेवढा वर येतो. प्रथम पेला न हलवता वास घ्यावा, मग किंचित फिरवून पुन्हा घ्यावा. फळे, फुले, व्हॅनिला, जुने लाकूड असे गंध एकामागून एक उलगडतात. त्यानंतर अगदी लहान घोट.

कोवळ्या कोन्याकला मिश्रपेय शोभते. पहिल्या महायुद्धानंतर प्रसिद्धीस आलेल्या 'साइडकार'मध्ये कोन्याक, संत्र्याचे लिकर व लिंबाचा रस असतो. न्यू ऑर्लिन्सचा 'साझेराक' आरंभी कोन्याकचाच असे. किडीने मळे उजाडले तेव्हा त्यात राय व्हिस्की आली.

दारूने बसलेली घरे आमच्या धर्मग्रामांतही आहेत. ज्याला थांबता येत नाही, त्याने हा पेला उचलूच नये. ज्याला थांबता येते, त्याने तो सणासुदीला, जेवण उरकल्यावर, चार माणसांत, अर्धा तास पुरवावा. ज्या पेयाची देवदूतांनाही वर्षाकाठी दोनच टक्के वाटणी मिळते, ते माणसाने एका घोटात संपवणे बरे नव्हे.