तबकडीची नक्कल कशी होते?

भालकी हे बीदर जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात. नातीगोती मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली. अशा मुलखातील लग्ने, कीर्तने, नामसप्ताह ज्या तबकड्यांवर उतरले, त्या कारखान्यात छापलेल्या नव्हत्या. फोटो स्टुडिओत एकेक करून लिहिलेल्या होत्या. हा भेद महत्त्वाचा आहे.

चित्रपटाच्या तबकड्या साच्यातून निघतात. निकेलच्या साच्यावर वितळलेले पॉलिकार्बोनेट दाबले की सूक्ष्म खळगे उमटतात, त्यांवर ॲल्युमिनियमचा थर बसतो. साचा महाग, म्हणून हजारो प्रती काढल्या तरच परवडतो. नोएडातील मोझर बेअरने 2007 मध्ये 28 रुपयांत चित्रपटाची व्हीसीडी विकली, ती या घाऊक हिशेबावर.

पन्नास-शंभर प्रतींसाठी नक्कल-यंत्र असते. उभ्या पेटीत वर मूळ तबकडी वाचणारा एक ड्राइव्ह, खाली लिहिणारे सात किंवा अधिक, आणि मधे एक नियंत्रक. संगणक लागत नाही. वाचलेली माहिती नियंत्रक सर्व ड्राइव्हना एकाच वेळी पुरवतो. कोऱ्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसर (सीडीसाठी 780 नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी 650) त्यावर तापवून डाग पाडतो आणि वाचणारा ड्राइव्ह तो डाग खळगा समजतो. 80 मिनिटांची सीडी 52 पट वेगाने तीनेक मिनिटांत तयार होते.

खळगा टिकतो, रंगद्रव्य विटते. ऊन, उष्णता, दमट हवा हे त्याचे शत्रू. गोव्यात घरोघरी जपलेल्या तियात्रांच्या, भजनांच्या लिहिलेल्या तबकड्यांनाही तेच लागू आहे. चित्रपटाची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल, आजोबांच्या कीर्तनाची मिळणार नाही.

कॅसेटची नक्कल दर पिढीला फिकी होत असे. अंकीय नक्कल तशी होत नाही. पण ध्वनी-सीडीचा खराब भाग वाचता आला नाही, तर ड्राइव्ह आजूबाजूच्या ध्वनीवरून अंदाजाने तो भरून काढतो आणि तो अंदाजच नकलेत कायमचा उतरतो. म्हणून जुन्या तबकडीची नक्कल मंद वेगाने, शक्यतो दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर करावी, दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात आणि त्या जुळेपर्यंत मूळ तबकडी टाकू नये.