मनाला मुरड घालणारी कादंबरी

शार्लट मेरी यंग (१८२३–१९०१) हे नाव मराठी वाचकाला बहुधा परके. पण १८५३ साली त्यांची ‘द एअर ऑफ रेडक्लिफ’ आली, तेव्हा ऑक्सफर्डमध्ये शिकणारे आणि पुढे कलावंत म्हणून गाजलेले विल्यम मॉरिस आणि एडवर्ड बर्न-जोन्स तिच्यावर लुब्ध झाले. ‘लिटल विमेन’ या कादंबरीतली जो नावाची मुलगी सफरचंदे खात हीच कादंबरी वाचते आणि रडते. यंग यांच्या या कादंबरीचा रागीट स्वभावाचा नायक गाय मॉर्विल मोठ्या कष्टाने रागाला आवर घालायला शिकतो. ज्या भाऊबंदाने आपल्यावर नसता संशय घेतला, त्याचीच तापात शुश्रूषा करताना तोच ताप लागून तो मरतो. ही गोष्ट अशी थोडक्यात ऐकताना हसू येईल. कादंबरी वाचताना येत नाही.

यंग हॅम्पशरमधल्या ऑटरबर्न गावात जन्मल्या आणि तिथेच वारल्या. वडील वॉटर्लूला लढलेले; मुलीला त्यांनीच शिकवले, तेही लॅटिन-ग्रीकसकट. वयाच्या सातव्या वर्षी त्या रविवारच्या शाळेत शिकवू लागल्या आणि म्हातारपणापर्यंत शिकवत राहिल्या. लग्न केले नाही. अशा संथ आयुष्यात खरी घटना एकच : १८३६ मध्ये शेजारच्या हर्स्लीत धर्मगुरू म्हणून जॉन कीबल आले. इंग्लंडच्या चर्चला जुने संस्कार आणि जुनी शिस्त परत मिळावी म्हणून झटणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीचे ते अध्वर्यू. यंग यांची हस्तलिखिते ते छपाईआधी वाचत. यंग यांच्या घरच्यांनी एक अट घातली होती : बाईमाणसाने लिहावे, पण पैसा स्वतःसाठी ठेवू नये. म्हणून कादंबऱ्यांची बरीच कमाई दक्षिण पॅसिफिकमधल्या मिशनच्या कामी लागली.

एवढे वाचून पानोपानी प्रवचन असेल असे वाटते, आणि इथेच वाचक फसतो. पवित्र गोष्टींची चारचौघांत वाच्यता करू नये, अशी कीबल यांची शिकवण होती. त्यामुळे यंग यांची पात्रे देवाविषयी बेताने बोलतात. भांडतात मात्र भरपूर. ‘द डेझी चेन’मध्ये (१८५६) आई नसलेल्या अकरा भावंडांचे घर आहे, आणि त्यातला गोंगाट, चिडवाचिडवी, रुसवेफुगवे इतके खरे आहेत की धर्म कुठे काम करतो आहे हे उशिरा ध्यानात येते. तो काम करतो निवडीच्या क्षणी. एथल ही हुशार, वेंधळी मुलगी भावाच्या बरोबरीने ग्रीकचा अभ्यास करत असते. घरची कामे मागे पडतात म्हणून थोरली बहीण तिची समजूत घालते, आणि एथल भावाशी बरोबरी करणे सोडून देते. आजच्या वाचकाला संताप येतो, यावा. पण हे लिहिणारी बाई स्वतः ‘मंथली पॅकेट’ हे मासिक जवळपास चाळीस वर्षे चालवत होती आणि तिची पुस्तके शंभरावर गेली. काही समीक्षक तिच्यातली श्रद्धा खरवडून आत बंडखोर स्त्री शोधतात. मला तो खटाटोप पटत नाही. एथलला ते सोडताना किती दुखले हे यंग लपवत नाहीत. त्या दुःखाला मोल आहे, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि कादंबरीची ताकद त्या श्रद्धेतूनच येते.

आपल्याकडचा एक धागा इथे जुळतो. १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ज्या भगिनींकडे राहून बाप्तिस्मा घेतला, तो भगिनीसंघ ऑक्सफर्ड चळवळीच्याच प्रेरणेतून उभा राहिला होता. आज्ञापालनावरून रमाबाईंचे त्या भगिनींशी जे खटके उडाले, त्यांविषयीची पत्रे आणि ‘द डेझी चेन’ शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

नव्या वाचकाने सुरुवात ‘द डेझी चेन’पासून करावी. ‘द क्लेव्हर वुमन ऑफ द फॅमिली’ (१८६५) पुढे कधी तरी. तिच्यात स्वतःच्या बुद्धीचा अभिमान असलेल्या रेचेल कर्टिसला लेखिका फार कठोर शिक्षा देते, आणि यंग यांच्याशी आधी ओळख झालेली नसेल तर पुस्तक तिथेच मिटले जाण्याची भीती आहे.