जुना कागद आणि उटीचा ‘इंदू’

पुण्यातील एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटातून ‘इंदू’ ब्रोमाइड कागदाचे न उघडलेले पाकीट नुकतेच माझ्या हाती आले. आज हे नाव फारसे कोणाला आठवत नाही. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही केंद्र सरकारची कंपनी १९६० मध्ये निलगिरीतील उदगमंडलम येथे, म्हणजे उटीला, स्थापन झाली. १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. इमल्शनचा थर चढवताना धुळीचा एक कणही डाग ठरतो, त्यामुळे तेथील थंड, स्वच्छ हवा यंत्रांइतकीच मोलाची होती. रुग्णालयांची एक्स-रे फिल्म आणि स्टुडिओंचा कागद देशातच तयार होऊ लागला. पुढे आयात खुली झाली, रंगीत छपाई आली, मग डिजिटल कॅमेरे आले. कंपनी आजारी पडली आणि २०१४ मध्ये सरकारने ती बंद करण्याचा निर्णय घेतला.

पाकिटात प्रकाश शिरलेला नसतानाही कागद जुना होतोच. सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणावर चांदीचे जेमतेम चार अणू एकत्र आले, की डेव्हलपर तो सबंध कण काळा करतो. एवढे मोठे प्रवर्धन अन्यत्र क्वचितच आढळते. हे चार अणू प्रकाशामुळेच जमतात असे नाही. दशकानुदशकांची उष्णता आणि इमल्शनमधील मंद रासायनिक क्रियाही तेच काम करतात. मग पांढऱ्यावर करडे धुके चढते.

लाल दिव्यात मी दोन पट्ट्या कापल्या. एक थेट फिक्सरमध्ये टाकली, दुसरी आधी डेव्हलपरमध्ये. पहिली शुभ्र राहिली, दुसरी राखेसारखी झाली. धुके कागदातच होते. डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायझोलच्या एक टक्का द्रावणाचे वीस मिलिलिटर प्रतिलिटर मिसळले, तेव्हा पांढरा रंग बराच परतला. मात्र प्रकाश जवळपास दुप्पट वेळ द्यावा लागला आणि गडद छटा थोड्या मऊ झाल्या. (बेंझोट्रायझोल कणांना डेव्हलपरपासून आवरते. अतिरेक केला तर चित्रही आवरते, हा धडा मला दोन कागद गमावून मिळाला.)

आजीचे एकच निगेटिव्ह घरात उरले आहे. तिसऱ्या कागदावर तिचा चेहरा उमटला, नऊवारीच्या काठासकट. कपाळाभोवती धुके किंचित शिल्लक आहे. पाकिटात आता अकरा कागद आहेत. ते मी फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्याखाली ठेवले आहेत.