मुक्त शिक्षणाचे उघडे दार

महाविद्यालयाची पायरी न चढता पदवी मिळवण्याची कल्पना संगणकाहून कितीतरी जुनी आहे. १८५८ साली लंडन विद्यापीठाने कोणत्याही महाविद्यालयात नाव न घातलेल्यांनाही आपल्या परीक्षांना बसू दिले. पण खुली झाली ती परीक्षा. शिकवण्याची सोय ज्याची त्याने पाहायची होती.

ही उणीव ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने हेरली. १९६९ मध्ये सनद मिळून जानेवारी १९७१ मध्ये तेथील शिक्षण सुरू झाले. प्रवेशाला पूर्वपरीक्षेची अट नव्हती. बीबीसीवरून व्याख्याने होत. परंतु खरे बळ होते मार्गदर्शकाचे. टपालाने आलेले स्वाध्याय तपासून, शेरे लिहून तो परत पाठवी. पुढे भारतातही १९८२ साली हैदराबादेत, १९८५ साली दिल्लीत व १९८९ साली नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठे उभी राहिली. नाशिकच्या विद्यापीठामुळे शाळा अर्ध्यावर सुटलेल्या अनेकांना मराठीतून पदवीपर्यंत जाता आले.

नंतर इंटरनेट आले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००१ मध्ये आपले पाठ्यसाहित्य जगाला विनामूल्य देण्याचे जाहीर केले. २०१२ मध्ये तिच्याच विद्युत्‌मंडलांच्या अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नावे नोंदवली. उत्तीर्ण झाले ७,१५७. म्हणजे शंभरात पाचही नाहीत! अर्थात, काहीजण नुसते डोकावायला आले असतील. शिवाय सात हजार विद्यार्थी एका शिक्षकाच्या उभ्या हयातीत तरी होतात का? म्हणून हा आकडा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण उरलेल्यांपैकी ज्यांना खरोखर शिकायचे होते, ते कुठे अडले हे विचारणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे २०१७ पासून ‘स्वयम्’वर पाठ विनामूल्य मिळतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क आहे. त्याहून मोठी अडचण भाषेची. आमच्या सीमाभागातील मूल घरी मराठी, बाजारात कन्नड बोलते आणि पडद्यावर बहुतेक वेळा इंग्रजी ऐकते. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने असाच एक अभ्यासक्रम तिसऱ्या आठवड्यात सोडला. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “सर, समजत नव्हतं असं नाही. पण नाही समजलं तर विचारायचं कुणाला?”

पुढच्या वर्षी आम्ही रविवारी शाळेची एक खोली उघडी ठेवली. पाच मुले एकत्र बसून पाठ पाहत. विज्ञानाचे शिक्षक अडलेले मराठीत, कधी कन्नडमध्ये समजावून देत. त्या पाचांपैकी चौघांनी अभ्यासक्रम पुरा केला. ती मुलगीही त्यांत होती.

चार मुलांवरून सिद्धान्त मांडण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु १९७१ मधील तो शेरे लिहिणारा मार्गदर्शक आणि आमचे रविवारचे शिक्षक एकच काम करीत होते. पाठ आता फुकट मिळतात. त्या कामाला मात्र अजूनही माणूसच लागतो. गावोगावच्या शाळा व वाचनालये रविवारी बंद असतात. त्यांतली एक खोली उघडायला फार मोठा खर्च येत नाही.