भुंग्याचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. ऋषीचे राहू द्या. पण वैऱ्याचे कूळ मात्र शोधलेच पाहिजे.

वाणगाव स्टेशनावर उतरून चिंचणीकडे निघालात, की मिरचीची शेते मागे पडतात आणि माड दिसू लागतात. एखाद्या माडाची नवी झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी उलगडली, तर समजावे, शेंड्यात गेंडा भुंगा शिरला होता. खोडाला भोक पडून तांबूस रस गळत असेल, तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या आहेत. दोघेही माडाचे वैरी, म्हणून त्यांना भाऊभाऊ समजू नका. गेंडा भुंगा शेणकिड्यांच्या व हुमणीच्या भावकीतला. सोंड्या हा तांदळाच्या कणगीतल्या सोंडकिड्याचा नातलग!

ही नाती पूर्वी शिंग, सोंड, पाय पाहून ठरवीत. आता आणखी एक वही हाती आली आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत बापाकडच्या पिढ्या लिहिलेल्या असतात ना? प्राण्याच्या पेशीत तंतुकणिका असतात. शास्त्रज्ञ त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. पेशीला लागणारी ऊर्जा तेथे तयार होते. त्यांची स्वतःची चिमुकली वही असते, जनुके अवघी ३७. आणि ती बहुधा आईकडूनच येते. नक्कल होताना एखादे अक्षर चुकले, की ती चूक लेकीकडून नातीकडे उतरते. चुका सारख्या, तर कूळ जवळचे. चुका निराळ्या, तर लांबचे.

याचा उपयोग काय, ते पाहा. १९०९ साली श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर गेंडा भुंगा पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर पोहोचला आणि माडांचा संहार सुरू झाला. १९६३ साली ह्यूगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला मलायात या भुंग्याला मारणारा एक विषाणू सापडला. १९६७ साली तो सामोआत सोडला आणि भुंगा आटोक्यात आला. पुढे आपल्या मिनिकॉय बेटावरही हाच उपाय केला गेला. सारे निश्चिंत झाले.

पण २००७ साली ग्वाम बेटावर भुंगा आला, तो या विषाणूला दाद देईना. शिंग तेच, रंग तोच! शेवटी आईकडची वही वाचली, तेव्हा कळले की ही शाखाच निराळी. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. त्या वहीतल्या खुणेमुळेच त्याला बळ येते, असे मात्र नव्हे. खूण फक्त ओळख पटवते. पण ओळख पटल्यावाचून औषध कसे निवडणार?

आपल्या वाडीत काय करावे? गेंड्याची अळी शेणखतात आणि कुजक्या खोडांत वाढते. म्हणून खताचा खड्डा वरचेवर उपसावा, अळ्या वेचाव्यात, मेलेला माड वाडीत कुजत ठेवू नये. मेटारायझियम ही हिरवी बुरशी खतात मिसळली, तर तीही अळ्यांना मारते.

आणि गुरुजी, खड्ड्यातला एक भुंगा आणि तांदळातला एक सोंडकिडा वर्गात ठेवा. माडावरचा सोंड्या यांपैकी कोणाचा भाऊबंद, हे मुलांना विचारा. आकाराला भुलून मुले गेंड्याकडे बोट दाखवतील. तेथूनच धडा सुरू करावा.