१९७५ ची करसुधारणा आणि आपली कुटुंबे

इस्राएलात पगाराची चिठ्ठी हाती आली की आपण आधी शेवटचा आकडा पाहतो. त्याच चिठ्ठीवर ‘नेकुदोत झिकुय’, म्हणजे करसवलतीचे गुण, लिहिलेले असतात. ते कोठून आले, हे आपल्या मुलानातवंडांना ठाऊक असावे.

१९७३ च्या योम किप्पूर युद्धानंतर देशावर खर्चाचा फार मोठा बोजा पडला. सक्तीचे कर्ज धरून प्राप्तिकराचा कमाल दर ८० टक्क्यांच्या वर गेला होता. पण तो पुष्कळसा कागदावरच राही. पगार वाढविण्याऐवजी मोटार, टेलिफोन अशा नावांनी भत्ते दिले जात व ते करातून सुटत. ज्याला असे भत्ते नव्हते, त्या साध्या कामगाराचा कर मात्र पगार हाती येण्यापूर्वीच कापला जाई.

डिसेंबर १९७४ मध्ये अर्थमंत्री येहोशुआ राबिनोविच यांनी तेल-अवीव विद्यापीठाचे प्रा. हाईम बेन-शहार यांची समिती नेमली. तिने सुचविले, कमाल दर ६० टक्क्यांवर आणा, पण भत्त्यांवरही कर घ्या. कनेसेटने १९७५ मध्येच ही सुधारणा मंजूर केली. (भारतातही १९७४ मध्ये अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी कमाल दर ९७.७५ वरून ७७ टक्क्यांवर उतरविला होता.)

दर उतरल्याचा मोठा लाभ बड्या पगारदारांना झाला, हे उघड आहे. मग आपल्यासारख्यांना काय मिळाले? उत्पन्नातून वजा होणारी सूट ज्याचा पगार मोठा त्यालाच अधिक लाभते. ज्याला कर भरण्याइतकी कमाईच नाही त्याला तिचा काय उपयोग? आता मुलांमागची करातील सूट जाऊन राष्ट्रीय विमा संस्थेकडून करमुक्त बालभत्ता मिळू लागला. दिमोना, लोद, अश्दोद येथील पुष्कळ मुलांच्या घरांत हा पैसा आईच्या हिशेबात धरला जाई. शिवाय करसवलतीचे गुण महागाईच्या निर्देशांकाला जोडले गेले. १९८४ मध्ये महागाई ४०० टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा या जोडणीचे मोल कळले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १ जुलै १९७६ पासून ८ टक्के मूल्यवर्धित कर आला. २०२५ पासून तो १८ टक्के आहे. हा कर श्रीमंताला व गरिबाला एकाच दराने पडतो. म्हणून करकपातीची बातमी आली की दर किती उतरला एवढेच पाहू नये. कोणाची सूट गेली, कोणाला मिळाली आणि उणीव कोण भरून काढणार, हेही विचारावे.